आधीच टाइप केलेली ओळ

ताई, तुमच्या दहाव्याला मी आलो होतो. घाटावर खाली उतरलो नाही; वर, गाड्या लावतात तिथे उभा राहिलो. तुमची वकील मंडळी एका बाजूला, आमच्या कोर्टातली दोनचार माणसं दुसऱ्या बाजूला, आणि मी दोन्हींकडे पाठ करून. तुम्ही असतात तर खालूनच हाक मारली असतीत, "ओ मौनीबाबा, या की जवळ. मेलेली बाई काही विचारणार नाही तुम्हाला."

तुम्ही जिवंत होतात तेव्हाही विचारलं नाहीत. हे पत्र त्याबद्दल आहे.

तुमचा अशील चिंतामण, त्याची बायको आली होती, जिजाबाई. सुरगाण्याकडून पहिल्या गाडीने निघाली, पेठ नाक्यावर उतरली आणि चालत घाटापर्यंत आली. वकीलबाईंचं कुठे चाललंय म्हणून ती आपल्या बोलीत एकदोघांना विचारत होती. लोक नुसते बघत होते. एकाने तिला देवळाचा रस्ता दाखवला. आणि माझ्या तोंडून उत्तर निघून गेलं. तिच्याच बोलीत. चाळीस वर्षांनी ती बोली माझ्या तोंडातून बाहेर पडली, आणि अशी सहज, जणू काल रात्रीच आईशी बोललो होतो.

जिजाबाईने माझी बाही धरली. तू आमच्यातला आहेस होय, म्हणाली. गाव विचारलं. पेठच्या पुढचं माझ्या आजोळाचं नाव मी सांगितलं. ती रडायला लागली. कुणीतरी समजून घेणारं भेटलं एवढ्यानेच. मी कोण, कुठे नोकरी करतो, हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुमची ज्युनिअर रूपाली चार पावलांवर उभी होती. तिने ऐकलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तुमची होती, ताई. उलटतपासणीला उभं राहण्यापूर्वीची.

माझी आई त्या भागातली. चौथीपर्यंत मी आजोळीच होतो. मग वडिलांबरोबर नाशिकला आलो, आणि शाळेत पहिल्याच आठवड्यात माझ्या बोलण्यावर सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. वाईट माणूस नव्हता, हसू आलं त्याला. त्या वर्षी मी ती बोली अशी धुऊन टाकली की पुढे आई गावच्या माणसांशी बोलायला लागली की मी दुसऱ्या खोलीत जायचो. कमी बोलायची सवयही तिथूनच लागली. चुकीचा उच्चार निघण्यापेक्षा न बोललेलं बरं. लघुलेखकाला ते सोयीचं पडतं. सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं टाइप करतोय.

तुम्ही मला मौनीबाबा म्हणायला लागलात, तेही मला आवडलं होतं. कोर्टामागच्या टपरीवर तुमची जागा ठरलेली, कडाप्प्याच्या तुकड्यावर. काळा कोट मांडीवर घडी करून, चहात साखर कमी, बोलणं जास्त. आपलं भांडणही ठरलेलं असायचं. माझ्या त्या मास्टरवरून.

अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचं, असं घटनेतच लिहिलंय. त्याला का धरलं ते सांगायचं, वकील द्यायचा. माणूस समोर आला की साहेब विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" आणि आदेशात ओळ येते, 'आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही.' ही ओळ माझ्या कॉम्प्युटरमध्ये कायमची आहे. 'रिमांड मास्टर' नावाची फाइल. सकाळी ती उघडायची, कालच्या माणसाचं नाव पुसायचं, आजच्याचं घालायचं. गर्दीच्या दिवशी, म्हणजे सोमवारी, मी आदेश आधीच छापून ठेवतो. माणूस गाडीतून उतरायच्या आत त्याची तक्रार नसते.

हे मीच तुम्हाला एकदा गमतीने सांगितलं होतं. तुम्ही हसला नाहीत.

मी म्हणायचो, विचारतात ना साहेब प्रत्येकाला. तुम्ही म्हणायचात, मागे पोलीस उभा असताना? दंडाला धरून? संध्याकाळी त्याच्याबरोबर परत जायचं असताना? मी चिडून म्हणालो होतो, मग काय साहेबांनी प्रत्येकाला आत चहाला बोलवायचं?

"नको. पोलिसाला बाहेर चहाला पाठवा. मी पाजते," तुम्ही म्हणालात.

आता तो सोमवार सांगतो. तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हतात. केस तुमच्याकडे मोफत विधी सेवेतून आली ती तीन महिन्यांनी. आरोपींसाठी नेमलेले हजेरीचे वकील सही करून दुसऱ्या कोर्टात गेले होते. चिंतामण भोयेला आणलं तेव्हा दीड वाजत आला होता. द्राक्षाच्या कामाला आलेला मजूर, पस्तिशीचा, उजवा हात पोटाशी धरलेला. महामार्गाजवळच्या एका कोल्ड स्टोरेजवर चोरी झाली होती आणि वॉचमन मेला होता. कागदावर चिंतामणची अटक रविवारी संध्याकाळची. सोमवारी पहाटे त्याने लोखंडी गज स्वतः काढून दिला, असा पंचनामा.

साहेबांनी विचारलं, तक्रार आहे का. तो बोलायला लागला. साहेबांना ती बोली येत नव्हती, ते विदर्भातले. हवालदार म्हणाला, काहीतरी बडबडतोय साहेब, असाच करतो. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं माहीत नाही. इतर कुणाकडे पाहणार? दुभाष्या मागवणं वगैरे पुस्तकात असतं. आमच्याकडे ज्याला कळेल तो सांगतो, कधी शिपाई, कधी दुसऱ्या केसचा पक्षकार. शपथ नाही, नोंद नाही.

"काय म्हणतोय हा?" साहेबांनी विचारलं.

ताई, मला सगळं कळलं होतं. शब्द न् शब्द. तो म्हणत होता की मला शुक्रवारी धरलं. का धरलं ते कुणी सांगितलं नाही. हात वर जात नाही. गज मी दाखवला नाही, त्यांनी माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, "काही नाही साहेब. तक्रार नाही म्हणतोय."

आदेश छापलेला होता. प्रिंटर सकाळपासून कागद खात होता आणि तो एकच नीट आला होता. तुम्हाला मोठं कारण हवं असेल तर माझ्याकडे ते नाही. पोलिसांनी मला काही सांगितलं नव्हतं, साहेबांनी नाही, कुणाचा फोन नाही. कागद पुन्हा छापायचा कंटाळा होता. आणि दुसरं असं की, हे मला कळतं म्हटलं असतं तर भरल्या कोर्टात सगळ्यांना कळलं असतं मी कुठला ते. मला तो वर्ग दिसला. चाळिशी उलटलेला माणूस, आणि त्याला चौथीतून पाचवीत गेलेल्या पोराची लाज आडवी आली.

साहेबांनी सही केली. सात दिवसांची कोठडी. चिंतामणला नेताना त्याने मागे वळून पाहिलं, साहेबांकडे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टर उघडलं तेव्हा त्यात त्याचं नाव होतं. मी ते पुसलं आणि त्या जागी दुसरं घातलं.

खटला उभा राहिला सेशन्स कोर्टात, वरच्या मजल्यावर. तुम्ही तीन वर्षं एकच गोष्ट धरून बसलात: शुक्रवार ते रविवार. तो त्या तीन दिवसांत कुठे होता? मी एकदा म्हणालो, पण ताई, त्यानेच केलं असेल तर?

"असेलही," तुम्ही म्हणालात. "मग सिद्ध करा की, राजा. त्यासाठी शनिवार-रविवार गिळायची काय गरज?"

निकाल लागला त्या दुपारी तुम्ही टपरीवर आलात आणि कोट अंगावरच ठेवलात. निकालपत्राची प्रत उघडून मला वाचून दाखवलीत. आरोपीस प्रथम हजर केले असता त्याने कोणतीही तक्रार केली नाही. सबब त्याचे आताचे म्हणणे पश्चातबुद्धीचे आहे. म्हणजे मागाहून सुचलेलं. त्याच एका पायावर पुढची पानं उभी होती: बेकायदा कोठडी नाही, म्हणून जबरदस्ती नाही, म्हणून गज खरा, म्हणून जन्मठेप.

"बघा मौनीबाबा, तुमच्या ओळीने केवढं काम केलं," तुम्ही म्हणालात.

मी चहाचा पेला खाली ठेवला. म्हणालो, साहेबांची गाडी यायची वेळ झाली. तीन वाजता कुठली गाडी येते, ताई?

मग सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला. अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत आणि धरलेल्या माणसाला समजेल त्या भाषेत द्यायला हवीत, नाहीतर अटकच बेकायदा. तुम्ही टपरीवर सगळ्यांना पेढे वाटलेत. पोरगी पास झाल्यासारख्या दिसत होतात. 'समजेल त्या भाषेत' हे शब्द दोनदा म्हणालात. जुन्या खटल्याला ते कितपत लागेल याची खात्री नाही, पण न्यायाधीश आता त्या दिशेने बघायला लागलेत, त्यांच्यापुढे ठेवायला काहीतरी हवं, असं म्हणालात. चिंतामणचं अपील मुंबईला पडून होतं. महिन्याभराने तुम्ही विचारलंत, तुमच्या मास्टरमध्ये काही बदललं का? मी म्हणालो, हो, एक ओळ वाढली. 'अटकेची कारणे आरोपीस समजेल अशा भाषेत लेखी देण्यात आली.'

"एकेक हक्क मिळवायला माणसं तुरुंगात झिजतात," तुम्ही म्हणालात, "आणि तुमच्या मशिनीत त्याची एक ओळ होते."

मी तेव्हाही भांडलो. ओळ आहे म्हणून तर कुणीतरी वाचेल, ओळच नसती तर काय वाचलं असतं? मला अजूनही वाटतं की त्यात थोडं तथ्य आहे. हा वाद अर्धा राहिला.

आणि एक दिवस. एका कबुलीजबाबाचं काम करून मी खाली आलो होतो. तुम्हाला ते काम माहीत आहे. साहेब पोलिसांना बाहेर काढतात, माणसाला सांगतात की तू कबुली द्यायला बांधलेला नाहीस, दिलीस तर तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. मग त्याला विचार करायला वेळ देतात. मी म्हणालो, एवढं सांगूनही बोलतात लोक, नवल आहे. तुम्ही म्हणालात की स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणावरही करता येत नाही, हा हक्क चोराला आहे, खुन्याला आहे, तुम्हालाही आहे. चमच्याने चहा ढवळत होतात. साखर टाकलीच नव्हती.

"फक्त एवढं आहे मौनीबाबा, गप्प बसायचा हक्क ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या वतीने गप्प बसता येत नाही."

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. मी घरी जाऊन ते विसरलो. म्हणजे विसरायचं ठरवलं.

दहाव्यानंतर चौथ्या दिवशी टपरीवर एक हवालदार शेजारी येऊन बसला. तोच, त्या सोमवारचा. आता केस पिकलेत, बढती झालीय. माझ्यासाठी चहा सांगितला. बाकी काय, मुलगी कुठे शिकते, वगैरे. मग म्हणाला, "भोयेच्या बाईबरोबर तुमची ओळख निघाली म्हणे घाटावर." मी म्हणालो, रस्ता विचारत होती. "हां. रस्ता सांगावा. पुण्य लागतं," तो म्हणाला आणि उठला. चहाचा पेला अर्धा टाकून. ताई, आवाज चढवला नाही त्याने. त्या दिवसापासून मी जिन्यात मागे बघतो. आमच्या अधीक्षकांनीही सहज विचारलं, निवृत्तीला किती राहिली? सात वर्षं, मी म्हणालो. सांभाळून काढा, म्हणाले. ते तसे सगळ्यांनाच म्हणतात. आधी मला तसं वाटलं असतं.

परवा रूपालीने मला तुमच्या ऑफिसात बोलावलं. तुमची खुर्ची तिने भिंतीकडे सरकवलीय, स्वतः स्टुलावर बसते. अपील सुट्टीनंतर बोर्डावर, म्हणजे सुनावणीला येतंय. तिच्यापुढे तुमची फाइल होती. तुरुंगात चिंतामणला पहिल्यांदा भेटलात तेव्हाची टिपणं, सहा वर्षांपूर्वीची. तुमची ती पद्धत, काम झालं की पुढे बरोबरची खूण. सगळ्या ओळींपुढे खूण. एकीपुढे नाही.

"सर, ताईंनी लिहिलंय, 'खाली टाइप करणाऱ्याला कळलं असं तो म्हणतो. विचारायचं?' पुढे प्रश्नचिन्ह आहे," रूपाली म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं तुम्हाला?"

सहा वर्षं. म्हणजे टपरीवर माझ्या शेजारी तुम्ही पहिल्यांदा येऊन बसलात त्याच्याही आधी. म्हणजे तो पहिला चहा, आणि मौनीबाबा, आणि कमी साखर. मी तिथे बसल्या बसल्या तुमच्यावर संतापलो. मला वाटलं होतं की या शहरात एक माणूस माझ्याशी उगाच, काही नको असताना बोलतं. रूपालीला मी म्हणालो, नाही विचारलं. मग मीच तिला म्हणालो, का विचारलं नाही त्यांनी?

तिने खांदे उडवले. "विचारलं असतं तर तुम्ही काय सांगितलं असतं?"

नाही म्हणून सांगितलं असतं, ताई. शपथेवर सांगितलं असतं. आणि ते 'नाही' नोंदलं गेलं असतं, आणि मग तो दरवाजा कायमचा बंद. तुम्हाला ते माहीत होतं. विचार करायला वेळ द्यायचा असतो. साहेब एक दिवस देतात, तुम्ही सहा वर्षं दिलीत. त्यातली प्रत्येक दुपार चिंतामणने आत काढली, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. याचा हिशोब तुम्ही मनात कसा लावत होतात, हे विचारायला तुम्ही राहिला नाहीत. पण मला आता असंही वाटतं की चहा खोटा नव्हता. फाइलमध्ये चहाची नोंद कुठेच नाही.

मी प्रतिज्ञापत्र करतो म्हणालो.

रूपालीने लगेच हो म्हटलं नाही. आधी मला समोर बसवून सांगितलं की तुम्ही हे करायला बांधलेले नाही. नोकरीवर येईल, चौकशी लागेल, कदाचित गुन्हाही. एवढं करून चिंतामण सुटेलच असं नाही. न्यायाधीश म्हणू शकतात की चूक झाली पण त्याने निकालात फरक पडत नाही. कुणाचा दबाव आहे का? मी नाही म्हणालो. दार तिने बंद केलं होतं. मागे कुणी उभं नव्हतं. इतक्या वर्षांत हे प्रश्न मी शेकड्यांनी टाइप केले, ताई. ऐकताना ते निराळेच वाटतात.

मग मी बोललो आणि तिने टाइप केलं. दोन बोटांनी करते, किती चुका. तीन वेळा माझा हात कीबोर्डकडे गेला. तिने बाजूला सारला. सोमवार, दीडची वेळ, छापलेला कागद, हवालदार, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर. मग ती म्हणाली, आता त्याचे शब्द सांगा. मी मराठीत सुरुवात केली. ती म्हणाली, असे नको सर, तो बोलला तसे सांगा.

मी ते त्याच्या बोलीत म्हटले. तुमच्या त्या खोलीत, मोठ्याने. शुक्रवारचं, हाताचं, गजाचं. आणि शेवटचं एक वाक्य. ते मी आजवर स्वतःशीही उच्चारलं नव्हतं, वर तुम्हाला लिहितानाही गाळलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं ते उगाच नव्हतं, ताई. ते वाक्य बोलताना चिंतामण माझ्याकडे बघत होता, म्हणून साहेबांनी पाहिलं. मला कळतंय हे माझ्या तोंडावर दिसलं असणार.

रूपालीची बोटं थांबली. "हे काय म्हणतोय तो?" तिने विचारलं.

साहेबांचाच प्रश्न. बाहेर जिन्यात कुणाची तरी पावलं वाजली आणि दाराशी येऊन थांबली. आम्ही दोघांनी ऐकलं. मी आवाज कमी केला नाही.

"तो म्हणाला, दादा, तुला कळतंय. तू सांग त्यांना."